हिंगुळाचा लाल

मंगलेम मोहल्ल्यातून गडाकडे जाणारी वाट दगडी फरशीची आहे. चालून चालून दगड इतके गुळगुळीत झालेत, की पाऊस पडून गेला असेल तर तुमचा एक हात आपोआप भिंतीकडे जातो. मागे वळून पाहिलं तर खाली ओसुम नदी दिसते, तिच्या पलीकडे गोरित्सा मोहल्ला आणि अलीकडे उतारावर एकावर एक चढत गेलेली पांढरी घरं. त्या घरांच्या दाटीनं मांडलेल्या खिडक्यांमुळं आल्बेनियातल्या या बेरात गावाला हजार खिडक्यांचं शहर म्हणतात.

गडाच्या दारापाशी थांबा. चिऱ्यांच्या भिंतीत मधेच तांबड्या विटा बसवलेल्या दिसतील: एक क्रूस आणि ग्रीक अक्षरांची गुंफण. ही मिखाएल कोम्निनोस दुकासच्या नावाची खूण. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाला निघालेल्या पाश्चिमात्य सरदारांनी वाट सोडून कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. बायझंटाइन साम्राज्याचे तुकडे झाले. त्यातला एपिरस नावाचा पश्चिमेकडचा तुकडा या मिखाएलनं उभा केला आणि या तटावर आपलं नाव विटांनी लिहून घेतलं.

आत शिरलात की तोफा किंवा बुरूज नाही, तर वाळत घातलेले कपडे आधी दिसतात. पन्हाळ्यावर जशी माणसं नांदतात, तशी इथंही नांदतात. परसात द्राक्षाचे मांडव आहेत, ओट्यावर बसून कुणी भाजी निवडतं आहे. या घरांच्या मधल्या बोळांतून लहान लहान चर्चं उभी आहेत. तुम्ही ज्यासाठी आलात ते आयकॉनांचं, म्हणजे लाकडी फळ्यांवरच्या संतचित्रांचं, संग्रहालय यातल्याच एका मोठ्या चर्चमध्ये आहे. पण तिथं एवढ्यात जाऊ नका. आधी तटाकडे चला, नदी दिसेल अशा कडेला.

1281 चा मार्च. रात्र. पोटात भुकेची कळ आहे आणि ती तुमच्या एकट्याच्या पोटात नाही. गेल्या वर्षापासून सिसिलीचा राजा शार्ल द आंजू याची फौज गडाला वेढा घालून बसली आहे. सरदाराचं नाव उग द सुली. अंगानं धिप्पाड, स्वभावानं उतावळा. गडाखालची वस्ती त्यानं केव्हाच घेतली. आता फक्त वरचा गड उरला आहे आणि गडावरचं धान्य संपत आलं आहे. बेरात पडलं तर थेसालोनिकीकडे आणि पुढं कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारी वाट मोकळी होईल, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. बायझंटाइन सम्राट मिखाएल पालैओलोगोस (विटांतल्या मिखाएलहून वेगळा) यानं मदतीची फौज पाठवली आहे, पण ती दूर थांबून आहे. उघड्यावर फ्रँकिश, म्हणजे पाश्चिमात्य, घोडेस्वारांशी गाठ घ्यायची तिची तयारी नाही.

तुमच्या शेजारचा माणूस खूण करतो. तुम्ही सगळे दगड धरत, आवाज न करता, नदीच्या अंगानं उतरता. पाणी काळं आहे. मग त्या काळ्या पाण्यावर काहीतरी सरकताना दिसतं. तराफे! वरच्या अंगाला थांबलेल्या सैनिकांनी त्यांवर धान्य लादून ते प्रवाहात सोडून दिले आहेत. वल्हवणारा कुणी नाही. नदीच त्यांना वेढ्याच्या मधून तुमच्यापर्यंत आणते आहे. तुम्ही कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून एक तराफा धरता, आणि ओल्या पोत्याचा वास नाकात शिरताच तुम्हाला कळतं की आणखी काही दिवस निघतील.

निघालेही. शत्रूला वास लागला, तेव्हा काय चाललं आहे ते स्वतः पाहायला सुली मोजकी माणसं घेऊन बाहेर पडला, आणि सम्राटाच्या पदरच्या तुर्की सैनिकांनी त्याला दबा धरून पकडलं. सरदार गेल्याचं कळताच सगळी फौज समुद्राकडे पळत सुटली. सुलीला साखळदंडात कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांवरून फिरवलं. सम्राटानं या विजयाची चित्रं आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर काढवून घेतली. ती चित्रं नष्ट झाली. गड मात्र आहे.

पुढची काही पानं भराभर उलटू. (मागचंही एक पान आहे: इ.स.पू. 200 मध्ये रोमनांनी हेच गाव, तेव्हाचं अँटिपाट्रिया, घेतलं आणि वयात आलेल्या पुरुषांची कत्तल केली.) 1417 मध्ये ऑटोमन आले. 1455 मध्ये आल्बेनियनांचा नायक स्कंदरबेग यानं गड परत घ्यायचा प्रयत्न केला. त्याची फार मोठी हानी झाली आणि गड मिळाला नाही. कॉन्स्टँटिनोपल त्याआधीच, 1453 मध्ये, पडलं होतं. सम्राट नाही, राजवाडा नाही, चित्रांसाठी पैसे मोजणारा दरबार नाही. इतिहासाच्या पुस्तकात बायझंटाइन कला इथं संपते.

पण गडावर ती संपलेली नाही. हेच दाखवायला तुम्हाला इथवर आणलं.

1578. व्लाहेर्नाच्या मरियेचं चर्च. आत आठ-दहा माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढीच जागा, आणि त्यातली अर्धी परांचीनं अडवली आहे. तुम्ही चुना कालवणारे गडी आहात. चुना खूप दिवस भिजवून मुरवलेला. त्यात तुम्ही बारीक कापलेला पेंढा मिसळता, म्हणजे गिलाव्याला चिरा पडत नाहीत. आज दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर गिलावा द्यायचा. जास्त दिलात तर तो वाळून वाया जाईल. वर परांचीवरून हाक येते. तुम्ही घमेलं वर चढवता. चित्रकार थापीनं ओला गिलावा बसवतो, घोटतो, आणि बोटाच्या पेरानं त्याचा ओलसरपणा जोखतो.

त्याचं नाव निकोला. ओनुफ्रीचा मुलगा. हे चर्च त्यानंच रंगवलं असं इथल्या शिलालेखात लिहिलेलं आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला बापाच्या नव्हे, मुलाच्या परांचीखाली उभं केलं. बाप या प्रदेशातला सर्वांत मोठा चित्रकार. 1547 मध्ये त्यानं कास्तोरियात काम केलं, 1554 मध्ये एल्बासानच्या बाजूला शेल्चान आणि वाल्श या गावांत. तो धर्मगुरूही होता. सहीत स्वतःला 'प्रोतोपापास', म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरू, म्हणवून घेई. आता काम मुलाकडे आलं आहे. जगाच्या नकाशावरून साम्राज्य पुसलं गेलं आणि त्याची चित्रकला बापाकडून मुलाकडे, परांचीवरून परांचीवर, अशी चालत राहिली.

दुपारी काम थांबतं तेव्हा तुम्हाला बाजूच्या खोलीत लाकडी फळ्या दिसतात. हे भिंतीचं काम नव्हे, हे आयकॉन. फळी निवडायची ती वाळलेली, गाठी नसलेली. तिच्यावर सरसानं कापड चिकटवायचं. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे थरावर थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा, शेवटी पृष्ठभाग हस्तिदंतासारखा होईपर्यंत घासायचं. जिथं सोनं बसणार तिथं तांबड्या मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्ख गुळगुळीत दगडानं घोटून घोटून चमकवायचा. रंग अंड्याच्या बलकात खलायचे. तुमच्या हातात खल दिला जातो. त्यात हिंगूळ आहे, जड, पण टणक नव्हे. तो जितका खलाल तितका लाल उजळत जातो. बलक घातला की मनगट दुखेपर्यंत हात थांबवायचा नाही.

लाल या घराण्याची ओळख आहे. ओनुफ्रीचा लाल असा काही आहे की आजही आल्बेनियात त्याचं नाव घेतलं की आधी रंगाची गोष्ट निघते, आणि ती कृती त्याच्याबरोबर गेली असं सांगतात. मला मात्र वाटतं, त्याचं खरं बळ चेहऱ्यांत आहे. बायझंटाइन परंपरेत संताचा चेहरा कसा असावा हे ठरलेलं: कपाळ एवढं, नाक एवढं, डोळे असे. चित्रकारानं मनचं काही घालायचं नाही. ओनुफ्री ती चौकट मोडत नाही, पण तिच्या आत प्रत्येक म्हाताऱ्याला त्याचं स्वतःचं म्हातारपण देतो. तो पिवळसर हिरव्या गडद थरावरून सुरुवात करतो आणि वर उजेडाच्या बारीक रेघा चढवत जातो. अंधारातून हळूहळू कुणीतरी पुढं यावं तसा चेहरा तुमच्याकडे येतो. लाल झगा डोळ्यांना थांबवतो. तुम्ही थांबलात की चेहरा बोलू लागतो.

शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात. हे तेल रंगांना पाण्यासारखी खोली देतं. पुढं तेच काळवंडत जातं आणि त्यावर मेणबत्तीची काजळी बसते. शंभर वर्षांत आयकॉन इतका काळा होतो की पुढच्या पिढीचा चित्रकार त्याच्यावरच नवं चित्र काढतो. तुम्ही खललेला हा लाल असा दोन-तीनदा झाकला जाईल.

गडावरून खाली येऊ नका, फक्त पुढं चला. 1797 मध्ये मरियेच्या देहावसानाला वाहिलेलं मोठं चर्च जुन्या पायावर नव्यानं बांधलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यात वेदीसमोरची चित्रांची उंच लाकडी भिंत उभी राहिली. तिच्यावर वेली, पक्षी, द्राक्षं कोरलेली, सगळी सोन्यात न्हालेली. ही भिंत तुम्हाला थोड्या वेळात पाहायचीच आहे.

1885. फ्रान्सहून पिएर बातिफोल नावाचा तरुण विद्वान धर्मगुरू आला आहे आणि त्याच्यापुढं बेरातच्या चर्चमधलं एक पुस्तक उघडलं आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाका. पानं कागदाची नाहीत, चर्मपत्राची आहेत, आणि जांभळ्या रंगात रंगवलेली आहेत. अक्षरं चांदीची. सहाव्या शतकातली. म्हणजे ही पानं लिहिली गेली तेव्हा इस्लामचा उदय व्हायचा होता आणि कॉन्स्टँटिनोपलमधलं हागिया सोफिया नुकतं बांधलं जात असेल किंवा कोरं करकरीत उभं असेल. जांभळा हा सम्राटांचा रंग, त्यामुळं असं पुस्तक करवून घेणारा कुणी लहान माणूस नव्हता. 190 पानं आहेत. मत्तय आणि मार्क यांची शुभवर्तमानं आहेत. लूक आणि योहान नाहीत. पुस्तकातच एका जुन्या टिपणात कुणीतरी लिहून ठेवलं आहे की ती दोन शांपेनच्या फ्रँकांमुळं गेली. दारावरच्या त्या विटांची आठवण करा. ज्या लुटारूंमुळं मिखाएलला इथं राज्य थाटावं लागलं, त्यांचाच हा माग असावा असं मला वाटतं. चांदी काळी पडते, चामडं आकसतं, पण हरवलेल्या पानांची तक्रार कुणीतरी करून ठेवतो.

त्या पुस्तकासाठी आता धीर धरा. 1943 मध्ये जर्मन सैन्य आल्बेनियात आलं. जांभळ्या पुस्तकाची कीर्ती बातिफोलच्या लेखनामुळं युरोपभर झालेली. बेरातमध्ये त्याची चौकशी सुरू झाली. तुम्ही चर्चच्या खोलीत एका बाकावर बसला आहात, आणि विचारणारा माणूस गणवेशात आहे. पुस्तक कुठं आहे? तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या शेजारच्यालाही ठाऊक आहे. तो जमिनीकडे पाहतो आहे. तुम्हीही तसंच करता. बेरातच्या माणसांनी जिवावर उदार होऊन हे पुस्तक लपवलं आणि ते सापडू दिलं नाही. त्यांची नावं तुम्हाला शाळेच्या पुस्तकात मिळणार नाहीत. सरदाराच्या नावाचे पुतळे होतात. बाकावर बसून गप्प राहिलेल्यांचे होत नाहीत. पण या गडावरची पानं वाचली ती गप्प राहणाऱ्यांमुळं.

1944 च्या ऑक्टोबरात याच बेरातमध्ये कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या नव्या हंगामी सरकारची घोषणा झाली. एन्व्हर होजा त्याचा प्रमुख. तेव्हा गडावरच्या लोकांना लपवाछपवी संपली असं वाटलं असेल. मोठी लपवाछपवी अजून यायची होती.

1967. आल्बेनियात प्रार्थनेलाच बंदी. देशभरची चर्चं आणि मशिदी बंद झाल्या. कुठं गोदामं झाली, कुठं व्यायामशाळा, कुठं नुसता दगडविटांचा ढीग. पुढं 1976 च्या राज्यघटनेत देश निरीश्वरवादी असल्याचं लिहूनच टाकलं. घरात क्रूस सापडला तरी चौकशी. मदर तेरेसांची आई आणि बहीण याच राजवटीत तिरानात राहिल्या आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथंच वारल्या. कोलकात्यात काम करणाऱ्या मुलीला त्यांना भेटायला येऊ दिलं गेलं नाही.

तुम्ही गडाच्या बोळात उभे आहात. चर्चचं दार उघडं आहे, आणि आत जाणारी माणसं भाविक नाहीत. त्यांच्या हातात याद्या आहेत. बेरातला 1961 मध्येच संग्रहालय-शहर असा दर्जा दिलेला आहे, त्यामुळं इथल्या काही इमारतींना हात लावायचा नाही. ते फळ्या मोजतात: संत निकोलस, सोळावं शतक. मरिया आणि बाळ, सोळावं शतक. आकार, लाकूड, अवस्था. एका ओळीत प्रार्थनेची वस्तू राष्ट्रीय वारसा होते. मला ही ओळ लिहिणाऱ्याबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. त्यानं ती केवळ हुकूम म्हणून लिहिली असेल. किंवा 'सोळावं शतक' हे शब्द लिहिले की कुऱ्हाड थांबते, हे ओळखून लिहिली असेल. दोन्ही प्रकारचे लोक असणार. परिणाम एकच: फळ्या जळाल्या नाहीत.

आणि जांभळं पुस्तक? 1968 मध्ये ते पुन्हा उजेडात आलं, फार वाईट अवस्थेत. आल्बेनियाची तेव्हा सोव्हिएत रशियाशी फारकत झाली होती आणि एकच मित्र उरला होता: माओचा चीन. म्हणून सहाव्या शतकातली शुभवर्तमानं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डागडुजीसाठी बीजिंगला गेली. एका निरीश्वरवादी सरकारनं ती पाठवली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतल्या दुसऱ्या निरीश्वरवादी देशातल्या कारागिरांनी पान पान सांधून दिलं. हे वाचताना मला प्रत्येक वेळी भरून येतं. आज ते हस्तलिखित तिरानाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि 2005 मध्ये युनेस्कोनं त्याला जगाच्या स्मृतीच्या यादीत नोंदवलं.

आता चला, आत. 1986.

मरियेचं मोठं चर्च दुरुस्त होऊन खुलं झालं आहे, नाव ओनुफ्री राष्ट्रीय आयकॉन संग्रहालय. प्रार्थनेवरची बंदी अजून चालूच आहे. निरनिराळ्या गावांतल्या चर्चांतून आणलेली चित्रं भिंतींवर लागली आहेत. ती स्वच्छ केली आहेत. काळवंडलेलं तेल आणि काजळी यांचे थर कापसाच्या बोळ्यांनी, बोटभर जागा आज, बोटभर उद्या, असे काढत नेलेत. तुम्ही एका फळीपुढं थांबता आणि ओळखता: हाच, तुम्ही खललेला लाल. तो इतका ताजा आहे की तुमचं मनगट दुखू लागतं.

तुमच्या शेजारी काळ्या रुमालाची एक म्हातारी उभी आहे. सहलीबरोबर आली आहे. पुढं बोलणारी बाई शैली, शतक, लोकजीवनाचं प्रतिबिंब असं सांगते आहे. म्हातारी ऐकत नाही. तिचा उजवा हात छातीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो, बोटं जुळलेली. ती इकडंतिकडं पाहते. तुम्ही मान वळवून सोन्याच्या भिंतीवरच्या कोरीव पक्ष्यांकडे पाहू लागता. तिला हवा तो क्षण मिळतो.

चार वर्षांनी बंदी उठते. देशात चर्चं उघडतात, मशिदीत अजान होते. 2008 मध्ये बेरात युनेस्कोच्या जागतिक वारशात येतं, आधीपासून यादीत असलेल्या जिरोकास्त्राच्या जोडीनं. मरियेचं चर्च मात्र संग्रहालयच राहतं, आणि हे बरोबर झालं असं माझं मत आहे. यावर वाद आहे, आणि तो खोटा नाही. आयकॉन हा पाहायचा पदार्थ नाही. तो ओठांना लावायचा, त्याच्यापुढं मेणबत्ती लावायची, आणि त्या हलत्या ज्योतीत वर्खाची चमक मागेपुढे होताना संताचे डोळे जिवंत झालेले अनुभवायचे. दिव्याच्या स्थिर उजेडात आणि काचेआड त्याचं निम्मं काम थांबतं. ते मला मान्य आहे. तरीही काजळीनं आणि चुंबनांनी झिजून गेलेली हजारो चित्रं कुठं गेली ते विचारा. इथली उरली, कारण एका वाईट काळात कुणीतरी त्यांना 'कला' असं नाव दिलं. ते नाव आता काढून घ्यायचं तर आधी लाकडाला कीड लागणार नाही, हवेतला ओलावा वर-खाली होणार नाही आणि रात्री दार कुणी फोडणार नाही, याची हमी द्यावी लागेल.

तर आज तुम्ही आत आहात. घाई करू नका. बहुतेक प्रवासी सोन्याची भिंत पाहून वीस मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही आधी ओनुफ्रीची चित्रं पाहा, मग निकोलाची, मग त्यांच्या नंतरच्या शतकांतल्या चित्रकारांची. लाल हळूहळू कसा मऊ होत जातो, अठराव्या शतकात फुलंपानं कशी शिरतात, पाश्चात्त्य चित्रांतली छायाप्रकाशाची हौस कशी डोकावते ते दिसेल. वेदीच्या भिंतीजवळ गेल्यावर कोरीव कामाकडे खालून वर पाहा. लाकडावर वर्ख जिथं उडाला आहे तिथं तांबड्या मातीचा लेप उघडा पडलेला सापडेल. तो कसा चढवतात हे आता तुम्हाला माहीत आहे.

नंतर बाहेर पडून व्लाहेर्नाकडे जा. ते बहुधा कुलूपबंद असेल. संग्रहालयातल्या माणसांना विचारा, किंवा बोळात भाजी निवडत बसलेल्या बाईंना. किल्ली कुणाकडे आहे ते गडावर कुणाला तरी माहीत असतं. दार उघडलं की डोळे सरावेपर्यंत दारातच उभे राहा, आणि मग डाव्या-उजव्या भिंतींवर 1578 च्या गिलाव्यातल्या पेंढ्याच्या काड्या शोधा.